चारची मॅच

कोल्हापुरात फुटबॉल मैदानाच्या गेटच्या बाहेर, फूटपाथला लागून असलेल्या पायरीवर ते बसले होते. खाली वर्तमानपत्राची घडी, मांडीवर कापडी पिशवी, डोक्यावरची टोपी उन्हासाठी जराशी पुढे ओढलेली. फेब्रुवारीतला रविवार होता. मॅच संपवून आम्ही बाहेर पडत होतो. पुढे हलगी आणि घुमकं, त्यामागं नाचणारी पोरं, कुणाच्या केसांत गुलाल, कुणाच्या पांढऱ्या शर्टावर. बाहेर येणाऱ्या या गर्दीकडं ते काहीतरी उलटं चाललंय अशा नजरेनं बघत होते. मी जवळून जाताना त्यांनी हात केला. "ताई, चारची मॅच हाय न्हवं?" घड्याळात पावणेचार वाजले होते. मी म्हटलं, "मामा, मॅच झाली की. दोनलाच सुरू झाली." "आँ? दोनला?" त्यांनी एकदा गेटकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मला वाटलं, आता चिडतील. चिडायला हवं होतं. पण ते हळूच म्हणाले, "व्हय व्हय, आमालाच कळलं न्हाई." चूक जणू त्यांचीच होती. मग लगेच, "निकाल काय लागला?" मी म्हटलं, "जिंकलो. एक शून्य." चेहरा असा उजळला की मलाच बरं वाटलं. "कुणी मारला?" "सतरा नंबरनं." "सतरा नंबर म्हंजे कुणाचा?"

कुणाचा. कोण, असं नाही विचारलं त्यांनी.

मला सांगता आलं नाही. अख्खी मॅच मी बघितली होती. तो गोल मला अजून डोळ्यांसमोर आहे, उजव्या बाजूनं आलेला चेंडू छातीवर घेतला, खाली पडू दिला आणि टप्पा पडायच्या आधीच डाव्या पायानं कोपऱ्यात. मी उभी राहून ओरडले होते. पण तो पोरगा कोण, कुठला, कुणाचा, यातलं काहीच मला माहीत नव्हतं. मामांनी पिशवीत हात घालून मूठभर भाजलेल्या शेंगा काढल्या आणि माझ्या हातात दिल्या. पाचगावातून केएमटीच्या बसनं आले होते. पूर्वी पेठेतच राहायचे, पोरानं तिकडं घर बांधलं म्हणून गेले. "बरं झालं जिंकलो ते," असं म्हणून उठले, वर्तमानपत्राची घडी झटकून पिशवीत ठेवली आणि बसस्टॉपच्या दिशेनं गेले. एवढंच झालं. पण त्या रात्री शेंगांची टरफलं पर्समध्ये सापडली आणि झोप लागेना.

आमच्या मंडळाचं नाव मी इथं लिहीत नाही. मोठं नाही ते. पाटाकडील, प्रॅक्टिस, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ ही नावं कोल्हापुरात शाळेच्या पाढ्यांबरोबर पाठ होतात. आमचं नाव त्या यादीत खूप खाली येतं, येतं तेव्हा. पण तालीम आहे, मारुती आहे, लाल माती आहे, दारात कट्टा आहे आणि फुटबॉलचा संघ आहे. ईर्ष्या तर मोठ्या संघांइतकीच आहे. त्यांच्या मॅचेसना शाहू स्टेडियमवर जी गर्दी लोटते तिच्यातला एखादा कोपरासुद्धा आमच्या वाट्याला येत नाही. आमची दीड-दोनशे माणसं. म्हणूनच वाटतं, दीड-दोनशे माणसांना तरी मॅच किती वाजता आहे हे कळायला नको का?

आबा, माझे वडील, मला पहिल्यांदा मॅचला घेऊन गेले तेव्हा मी आठ वर्षांची होते. उद्यमनगरात फौंड्रीत ते मोल्डिंगला होते. मॅचच्या दिवशी अर्धी सुट्टी टाकायचे, घरी येऊन हातपाय धुवायचे, तरी नखांच्या कडेची काळी वाळू जायची नाही. सायकलच्या नळीवर टॉवेल गुंडाळून त्यावर मला बसवायचे. हँडल धरलेले त्यांचे हात माझ्या दोन्ही बाजूंना, लोखंडाचा आणि लाइफबॉयचा मिळून एक वास. वाटेत तालमीच्या दारात ते सायकल थांबवायचे, एक पाय कट्ट्यावर टेकवायचे आणि वार्ताफलक वाचायचे. त्या काळ्या फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलेलं असायचं, आज अमुक संघाशी सामना, वेळ अमुक, सर्वांनी उपस्थित राहावे. 'सर्वांनी' या शब्दाखाली रेघ. लिहिणारा माणूस साइनबोर्ड रंगवायचा, त्यामुळं अक्षर असं की पुसायला जीव धजू नये. दुसऱ्या दिवशी त्याच फळ्यावर निकाल यायचा आणि गोल करणाऱ्यांची नावं. हरलो तरी यायचा. आबा म्हणायचे, हरलेला निकाल लिवायला छाती लागती.

तेव्हा नावं सांगायची खरं तर गरजही नव्हती. गोलकीपर आमच्याच बोळात सकाळी दूध घालायचा. त्याची किटली खणखणली की आई म्हणायची, काल दोन गोल खाल्लेस रे, आज दूध तरी नीट माप. सेंटर हाफ सोनाराच्या पेढीवर कामाला होता. लेफ्ट आउटच्या लग्नात मी करवली होते. मैदानावर कुणी पडला की आबा नंबर बघत नसत, चालण्यावरून ओळखायचे आणि शेजारच्याला सांगायचे, अमक्याचा धाकटा हाय तो, थोरला पण असाच खेळायचा. त्या मामांचा 'कुणाचा?' हा प्रश्न तिथून आलाय. त्यांना आडनावाच्या चौकशीत रस नव्हता. गोल केलेल्या पोराला ओळखीच्या कुठल्या तरी दारात उभं करून बघायचं होतं.

आता ते दारच उरलेलं नाही. पोरं बाहेरून येतात, शिरोलीकडून, कागलकडून, कधी मिरज-सांगलीहून, आणि हंगाम संपला की दुसऱ्या मंडळात जातात. यात वाईट काही नाही. चांगला खेळ हवा तर चांगली पोरं शोधावीच लागतात आणि पोरांनाही चार पैसे मिळायला हवेत. पण पेठेतली माणसंसुद्धा पेठेत राहिली नाहीत. वाटण्या झाल्या, घरं पडली, अपार्टमेंटी उठल्या. कुणी आर. के. नगरला गेलं, कुणी फुलेवाडीच्या पुढं, कुणी पाचगावला. संघ तोच, नाव तेच, मारुती तोच. फक्त खेळणारा आणि बघणारा दोघंही आता लांबून येतात आणि मैदानावर एकमेकांना अनोळखी म्हणून भेटतात. पूर्वी ओळख आपोआप व्हायची, आता कुणीतरी करून द्यावी लागते. हे काम आमच्या मंडळानं कधी आपलं मानलंच नाही, कारण कधी करावंच लागलं नव्हतं.

मला डिसेंबर २०२२ ची ती रात्र आठवते. अर्जेंटिना आणि फ्रान्सची फायनल, तीन-तीन, मग पेनल्टी. चौकात पडदा लावला होता. आमच्या गल्लीतल्या सहावीतल्या पोराला अर्जेंटिनाचे अकराच्या अकरा पाठ होते, राखीव खेळाडूंसकट. ओटामेंडी, मॅक अ‍ॅलिस्टर, एन्झो फर्नांडेझ, आणि गोलकीपर मार्टिनेझनं कुठल्या पेनल्टीला कुठल्या बाजूला झेप घेतली तेसुद्धा. चार-दोननं जिंकल्यावर जे फटाके वाजले ते ऐकून कुणाला वाटलं असतं ब्युनॉस आयर्स रंकाळ्याच्या पलीकडं आहे. मलाही आनंद झाला, मीही नाचले. त्याला नावं ठेवण्यासारखं काही नाही, उलट या गावाचं मन किती मोठं आहे याचाच तो पुरावा. तो पोरगा अर्जेंटिनाला ओळखतो कारण अर्जेंटिनाची ओळख त्याला रोज कुणीतरी करून देतं, टीव्ही देतो, मोबाइल देतो, स्टिकर देतात. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक झाला आणि कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हा अख्ख्या गावाला त्याचं नाव तोंडपाठ झालं. पडद्यावर नाव होतं. नाव कळलं की माणूस आपला होतो. आमच्या सतरा नंबरच्या पाठीवर फक्त आकडा होता, तोही एका बाजूनं सुटलेला.

पुढच्या आठवड्यात मी भाच्याला विचारलं. तो मंडळात असतो, दोनची वेळ मलाही त्याच्याकडूनच कळली होती. तो म्हणाला, "आत्या, ग्रुपवर सकाळी दहालाच टाकलं होतं की. वेळ बदलली म्हणून." त्यानं मोबाइल काढून दाखवलं. खरंच टाकलं होतं. त्यावर अठ्ठेचाळीस अंगठे होते. त्याच्या पुढं ड्रोननं काढलेला व्हिडिओ, वरून मैदान, संगीत, सावकाश उडणारा गुलाल. सुंदर होता, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, "आणि ज्यांच्याकडं असला फोनच नाही त्यांचं काय?" तो गप्प झाला. मुलगा गुणाचा आहे, त्याच्या डोक्यात ते आलंच नव्हतं. त्याच्या जगातल्या प्रत्येकाकडं फोन आहे. मग मी दुसरं विचारलं, "सतरा नंबर कोण?" तर तो म्हणाला, "नवा आहे. आम्ही त्याला एका टोपणनावानंच हाक मारतो. पूर्ण नाव... फॉर्मवर असेल."

वार्ताफलक अजून तिथंच आहे. मी मुद्दाम जाऊन पाहिला. त्यावर आता फ्लेक्स ठोकलाय, कुणाच्या तरी वाढदिवसाचा, त्यावर पन्नासेक चेहरे. फ्लेक्सच्या खालून काळ्या फळ्याची बोटभर कड दिसते. तिथं पुसट पिवळा खडू होता, आकडा असावा, दोन किंवा तीन, कुठल्या सामन्यातला कोण जाणे. मी बोट फिरवलं तर बोटाला लागला.

आधी वाटलं, एवढंच करावं, फ्लेक्स काढावा आणि फळा पुन्हा लिहावा. चार दिवस मी त्याच समाधानात होते. मग लक्षात आलं की फळा लिहिला असता तरी पाचगावच्या मामांना तो दिसला नसता. ते तालमीसमोरून रोज जातच नाहीत. फळा लिहायला हवाच, जो जाता-येता वाचतो त्याच्यासाठी, पण लांब गेलेल्या माणसापर्यंत पोहोचायला पाय लागतात. आणि ते पाय मंडळाकडं आहेत. गणपतीच्या आधी महिनाभर मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन निघतात. पेठ सोडून गेलेल्या एकेका घरी जातात. आर. के. नगरला माझ्या चुलतभावाकडं तिसऱ्या मजल्यावर जिना चढून जातात. पाचगावला जातात. काका, तुम्ही आपल्या पेठेचं, तुमची पावती ठरलेली, असं म्हणून प्रेमानं बसतात, चहा घेतात, पावती फाडतात आणि नाव, पत्ता, फोन नंबर लिहून घेतात. वर्गणी मागायला ज्या दारापर्यंत आपण जातो त्या दारापर्यंत मॅचची वेळ का जात नाही?

मी एका पतसंस्थेत वीस वर्षं काउंटरवर बसते. ठेवीची मुदत संपली की आम्ही नोटीस लावतो आणि शिवाय फोन करतो. म्हाताऱ्या ठेवीदारांना तर दोनदा करतो, एकदा सुनेकडं निरोप ठेवतो, एकदा त्यांच्याशी बोलतो. हे काही उपकार नाहीत. पैसे त्यांचे आहेत म्हणून करतो. आणि संघ कुणाचा आहे? वर्गणी देणाऱ्याचाच ना? मध्ये मी इंग्लंडमधल्या एएफसी विम्बल्डनबद्दल वाचलं. २००२ साली त्यांचा जुना क्लब दुसऱ्या शहरात हलवायला परवानगी मिळाली, तेव्हा समर्थकांनी वर्गणी काढून नवा क्लब उभा केला. त्यांनी तिथल्या माळावर उघड्यावर निवड चाचणी घेतली, खूप खालच्या लीगमधून सुरुवात केली आणि २०११ मध्ये ते पुन्हा देशाच्या फुटबॉल लीगमध्ये, तिच्या चौथ्या श्रेणीत, पोचले. क्लबची बहुतांश मालकी आजही समर्थकांच्या ट्रस्टकडं आहे. वाचताना मला भरून आलं, पण त्याचबरोबर वाटलं, जे मिळवायला त्या लोकांना एवढं झगडावं लागलं ते आपल्याकडं तालमीच्या रूपानं आधीपासून आहे. आपला संघ कुणा शेठजीचा नाहीच, तो पन्नास आणि शंभर रुपयांच्या पावत्यांवर उभा आहे. फक्त पावती फाडल्यानंतर देणाऱ्याशी आपलं बोलणं संपतं. वर्षाच्या शेवटी एक कागद तरी हवा ना, इतकी वर्गणी आली, इतके बूट घेतले, इतके डॉक्टरला गेले, इतके उरले. माझ्या माहितीत असा कागद मागणाऱ्याकडं संशयानं पाहिलं जातं. मी मागते तो हिशेब पकडायला नाही. माझ्या शंभर रुपयांतून त्या सतरा नंबरच्या गुडघ्याला पट्टी आली असेल तर ते मला कळावं, एवढंच.

गुडघ्याचं आठवलं म्हणून सांगते. त्या दिवशी मॅच संपल्यावर तो पोरगा नळावर होता. सगळी पोरं बाकीच्यांना खांद्यावर घेत होती आणि हा वाकून उजवा गुडघा धूत होता. सोललेल्या जागेत लाल माती भरली होती, ती तो अंगठ्यानं हळूहळू काढत होता, दात आवळून. मी पाच हातांवरून गेले. शाब्बास म्हणायचं मनात आलं, पण आपण कोण, तो काय म्हणेल, असं वाटून पुढं गेले. नंतर तो एका मित्राच्या मोटरसायकलवर मागं बसून गेला, पिशवी पाठीला, केस ओले. त्यालाही कदाचित कळलं नसेल की त्याच्या गोलासाठी कोण कोण उभं राहिलं होतं. मॅच संपल्यावर संघानं दोन मिनिटं कठड्यापाशी यावं, जिंको वा हरो, हात जोडावेत, लोकांनी त्यांना बघावं, त्यांनी लोकांना बघावं. याला एक रुपया लागत नाही. मॅचच्या आधी कुणीतरी भोंगा हातात घेऊन अकरा नावं वाचावीत, नाव आणि गाव. "सतरा नंबर, अमुक तमुक, राहणार अमुक गाव, आयटीआयला शिकतो." मग तो 'कुणाचा' हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला निदान एक धागा मिळतो. गाव कळलं की कोल्हापूरचा माणूस पुढचं नातं स्वतःच शोधून काढतो, कुणाचा तरी पाहुणा तिथं निघतोच.

आणि बायकांचं. तेरा वर्षांची झाले आणि माझं मैदानावर जाणं थांबलं. आईनं काही फार बोलून थांबवलं असं नाही. आबांना एकदा म्हणाली, पोरगी मोठी झाली, तिथं तिची सोय काय? आबांकडं उत्तर नव्हतं. सोय म्हणजे काय ते दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही तो शब्द उच्चारत नव्हते. पुढची सत्तावीस वर्षं मी निकाल ऐकत राहिले, आधी आबांच्या तोंडून आणि मग भावाच्या. आबा गेल्यावर पहिल्याच हंगामात मी परत गेले. का गेले ते नीट सांगता येणार नाही. कदाचित त्यांची जागा रिकामी राहू नये म्हणून. मैदान कुठलंही घ्या, मॅचच्या दिवशी मी दुपारपासून पाणी पीत नाही. माझ्या ओळखीच्या तिघी-चौघी येतात, त्याही पीत नाहीत. मार्चच्या उन्हात दोन तास. लोकांना वाटतं बायकांना फुटबॉलची आवड नाही. आमच्या घशाला कोरड पडलेली असते हो, आवडीला नाही. नवं काही बांधा असं मी म्हणत नाही. जिथं स्वच्छतागृह आहे तिथं त्याला कुलूप असतं आणि किल्ली कुणाकडं आहे ते कुणालाच माहीत नसतं. ती किल्ली मॅचच्या दिवशी एका बाईकडं असू द्या, तिला दिवसाचे पैसे द्या, आत बादलीभर पाणी ठेवा. बायका येतील. बायका आल्या की पोरं येतील, आणि शिव्यांचं प्रमाणही आपोआप कमी होईल असं मला वाटतं. निदान हलगी घुमायला लागली की शिव्यांची गरजच पडत नाही हे तर मी स्वतः पाहिलंय. ते तिघं वाजवणारे, हलगी, घुमकं आणि कैताळ, यांना मात्र दर अर्ध्या तासाला चहा हवा. ते समोरच्या संघालाही उठवून नाचवतात.

राजर्षी शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले, रोमचं जुनं कलोसियम त्यांनी पाहिलं, आणि परत आल्यावर खासबागेचं कुस्ती मैदान उभं केलं, १९१२ मध्ये पुरं झालं. मधला आखाडा आणि चारी बाजूंनी वर चढत गेलेली माती. कुठंही बसा, पहिल्या ओळीत की शेवटच्या, कुस्ती दिसते. मी तिथं कधी रिकाम्या दुपारी जाऊन बसते तेव्हा हाच विचार येतो की राजानं मल्लांसाठी मैदान बांधलं हे खरंच, पण ती चढती माती बघणाऱ्यासाठी घातली. शेवटच्या ओळीतल्या माणसाला मान उंच करावी लागू नये, हा विचार या गावात शंभर वर्षांपूर्वी झालेला आहे. तो आपल्याला नवा शिकायचा नाही.

माझ्या मनात एक भीतीही आहे, ती लिहून टाकते. हे सगळं फार नीटनेटकं झालं तर तालमीची मजा जाईल का? घोषणा, यादी, हिशेबाचा कागद, फोन. आबांच्या वेळी यातलं काही नव्हतं आणि तरी माणसं होती. कधी कधी वाटतं, मी माझ्या काउंटरवरची शिस्त तालमीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवतेय. पण मग ती पायरी आठवते, वर्तमानपत्राची घडी आठवते, आणि 'आमालाच कळलं न्हाई' आठवतं. पेठेसाठी आयुष्यभर ओरडलेल्या माणसाला असं वाटावं की चूक त्याची, ही मजा मला नको.

मागच्या बुधवारी संध्याकाळी मी तालमीत गेले. आत जायची सवय नाही, दारातच उभी राहिले. भाच्यानं खुर्ची बाहेर आणली. मंडळाच्या तीन-चार पोरांना मी सांगितलं, जमेल तसं, अडखळत. कुणी हसलं नाही. एकजण म्हणाला, "फळ्याचं करतो ताई, फ्लेक्सची मुदत तशी पण संपलीय." दुसरा म्हणाला, "स्वच्छतागृहाचं आमच्या हातात न्हाई, पण विचारतो." विचारलं की नाही ते अजून कळलेलं नाही. मग त्यातल्या सगळ्यात धाकट्यानं कपाट उघडलं आणि गणपतीचं पावतीपुस्तक काढलं. स्थळप्रतींचा गठ्ठा, रबर लावलेला. मला तो कागद ओळखीचा, रोजचाच. मी म्हटलं, पाचगाव शोधा. मामांचं नाव मी विचारलं नव्हतं. मीही त्यांना नंबराशिवाय सोडून दिलं होतं, सतरा नंबरसारखंच. पाचगावच्या चार पावत्या निघाल्या. धाकट्यानं एका कागदावर सतरा नंबरचं नाव फॉर्मवरून उतरवून माझ्यासमोर ठेवलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. इथं लिहीत नाही, त्याला न विचारता लिहिणं बरं नव्हे. त्याचं गाव मात्र कागल तालुक्यातलं आहे, आणि आबांचा एक फौंड्रीतला जोडीदार त्याच गावचा होता.

पहिला फोन लागला नाही. दुसरा नंबर बदललेला. तिसरा एका बाईनं उचलला, मागं कुकरची शिट्टी, बारक्या पोराचं रडणं. मी म्हटलं, मी पेठेतल्या मंडळाकडनं बोलते, घरात कुणी मॅच बघायला येतं का? "मामंजी येतात की," ती म्हणाली, "ते आता झोपलेत. गेल्या टायमाला जाऊन तसेच परत आले बघा, मॅच आधीच झालेली." ते तेच का दुसरे कुणी, मला कळायला मार्ग नव्हता. शेंगांचं विचारावंसं वाटलं, विचारलं नाही. मी म्हटलं, त्यांना सांगा, येत्या रविवारी चारलाच आहे, वेळ बदलली तर आम्ही पुन्हा फोन करू. "बरं बरं, सांगते." आणि त्यांनी गोल कुणी मारला ते विचारलं होतं, ते पण सांगायचंय, मी म्हटलं, नाव सांगते, आणि कुणाचा ते पण सांगते.

"थांबा ओ ताई," ती म्हणाली, "पेन घेऊन येते."